आधी पाणी, मग मासा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत एका पाच वर्षांच्या मुलाचा वाढदिवस झाला. रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येक मुलाच्या हातात एकेक बरणी आली. लोणच्याची असते तेवढी, झाकणाला भोके पाडलेली, आत चार निळे खडे आणि एक फायटर मासा. रात्री दहापर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडले. एका ताईंनी लिहिले की हे क्रौर्य आहे, घरात मासे ठेवण्यावरच बंदी हवी. त्यावर तिसऱ्या मजल्यावरचे काका उतरले: आमच्याकडे तीस वर्षे टँक होता, तेव्हा कोणाला क्रौर्य दिसले नाही, पूर्वी लोक माशांवर जीव लावायचे, आता सगळा फोटोपुरता मामला. मग कोणीतरी विचारले की रविवारी सुरमई खाता ती कुठल्या तोंडाने? साडेअकराला ॲडमिनने ग्रुप बंद केला. फायटरना कोणी खायला घातले का, हे विचारायचे राहूनच गेले.

या भांडणातल्या दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या आहेत, कारण वेगवेगळ्या वयात मी दोन्हींकडून भांडून झाले आहे. आता मला दोन्ही चुकीच्या वाटतात. पूर्वीचा छंद जास्त मायाळू होता, हे खरे नाही. मासे तेव्हाही मरत, माझ्या अनुभवात तर जास्तच मरत. का मरतात ते आपल्याला ठाऊक नव्हते, एवढेच. आणि घरातला टँक हे मुळातच पाप, हेही खरे नाही. बिघाड आहे तो दुकानाच्या काउंटरवर. काचेच्या आत काय घडते याचे ज्ञान गेल्या तीस-चाळीस वर्षांत घरोघर पोचण्याइतके सोपे झाले, पण मासा विकण्याची रीत त्या ज्ञानाच्या उलट दिशेने गेली. बंदी घालायचीच असेल तर पाणी तयार नसताना मासा विकण्यावर घाला.

आधी काकांच्या सुवर्णकाळाकडे येते. १९८४ साली डोंबिवलीत बाबांनी टाकी बनवून घेतली. लोखंडी अँगलची चौकट, तिला हिरवा ऑइलपेंट, काचा पुट्टीने बसवलेल्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पुट्टी वाळली की कोपऱ्यातून पाणी झिरपायचे, म्हणून खाली कायम जुन्या पंच्याचे एक फडके. क्रॉफर्ड मार्केटातून ऑक्सिजन भरलेल्या, रबरबँडने आवळलेल्या पिशवीत मासे यायचे आणि लोकलच्या गर्दीत बाबा ती पिशवी डोक्याच्या वर धरून उभे राहायचे. यापेक्षा जास्त जीव कोण लावणार? आणि दर रविवारी हा जीव लावणारा माणूस सगळे मासे बादलीत काढायचा, टाकीतले सगळे पाणी मोरीत ओतायचा, खडे नळाखाली स्वच्छ पाणी येईपर्यंत खळखळून धुवायचा, नवे पाणी भरून त्यात निळ्या औषधाचे थेंब टाकायचा. सोमवारी टाकी आरशासारखी. बुधवारी एखादा एंजल मासा आडवा. आजी म्हणायची, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर लागते. बाबा म्हणायचे, पाणी खराब असणार, आणि पुढच्या रविवारी आणखी जोर लावून खडे धुवायचे.

आज कोणताही हौशी मुलगा या गोष्टीचा उलगडा दोन मिनिटांत करून देईल. मासा श्वास घेतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो. खड्यांवर, स्पंजवर, काचेवर वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असते. ही वसाहत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. हौशी लोक याला टाकी सायकल होणे म्हणतात, जुने दुकानदार पाणी बसणे म्हणायचे. क्लोरीनच्या पाण्याने खडे धुऊन बाबा दर रविवारी ती वसाहत मोरीत वाहून देत होते. आमच्या घरात मासे दुर्लक्षाने मेले नाहीत, स्वच्छतेने मेले. हे कळले तेव्हा बाबा सत्तरीत होते. बराच वेळ गप्प बसून मग म्हणाले, "म्हणजे आळशी माणसाचे मासे जगले असते."

गंमत अशी की हे ज्ञान तेव्हाही नवे नव्हते. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू १८९०च्या सुमारास वेगळे काढून दाखवले होते. ते आमच्या मोरीपर्यंत शतकभरात पोचले नाही. त्याही आधी, १८४९मध्ये, लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनचे, म्हणजे सुमारे ५४ लिटरचे काचपात्र अर्धे भरले, तळाशी वाळू आणि चिखल घातला, पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. पुढे वनस्पतीची कुजकी पाने खायला गोगलगायी आणल्या. मासे आणि वनस्पती मिळून पाणी कसे राखतात, हे त्याला पाहायचे होते. ते निरीक्षण त्याने १८५०मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडले आणि घरगुती मत्स्यालयाचा पाया तिथे पडला. त्याचे स्पष्टीकरण अपुरे होते, जिवाणूंचा भाग त्याला माहीत नव्हता; पण मासा काचेत जगवायचा तर पाण्याचा संसार आधी उभा करावा लागतो, एवढे त्याला कळले होते. पावणेदोनशे वर्षांनंतर आपण एका माशाला अर्धा लिटर पाणी आणि चार निळे खडे देतो. मग पुढे गेले कोण आणि मागे कोण?

काकांच्या काळाची एक गोष्ट मात्र मी मानते. तेव्हा वाट पाहावी लागे आणि त्या वाट पाहण्यातच निम्मे शिक्षण होई. टाकी बनवून घ्यायची, पुट्टी वाळू द्यायची, पगार झाला की मासे आणायला जायचे. भारनियमनाच्या काळात टाकीत हवा सोडणारी मोटर बंद पडली की घरातले कोणीतरी टाकीशेजारी स्टूल टाकून पेल्याने पाणी उचलून वरून ओतत बसे, हवा मिसळावी म्हणून. मी दहावीचा इतिहास असा पाठ केला आहे. आणि बाबांचा नेहमीचा दुकानदार पहिल्या दिवशी मासे द्यायला साफ नाही म्हणाला होता: "साहेब, आधी टाकी लावा, पंधरा दिवस नुसतं पाणी चालू द्या, मग या." त्यामागचे रसायन त्याला माहीत नसणार, पण धंद्याचा अनुभव होता. त्याच माणसाने आम्हाला नंतर गुलाबी आणि पोपटी पट्ट्यांचे ग्लासफिशही विकले, हेही सांगायला हवे. तो मुळात आपल्याकडच्या नद्यांतला काचेसारखा पारदर्शक मासा. ते रंग सुईने टोचून भरलेले असतात, हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक असावे. तेव्हा जुन्या दुकानदाराचा फोटो भिंतीवर लावायची गरज नाही. त्याचे ते एक वाक्य राखले तरी पुरे.

नव्या छंदावरचा फोटोपुरतेपणाचा आरोपही अर्धाच लागू पडतो. जपानच्या ताकाशी अमानोंनी १९८०च्या दशकापासून टाकीतल्या बागेची कला घडवली. त्यांच्या टाक्यांत नायक वनस्पती, मासा दुय्यम. त्यांच्या मागोमाग कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आले, झाडांसाठीचे एलईडी दिवे आले आणि फोटोंचा पूर आला. दिखाऊपणा त्यात भरपूर आहे. पण पाण्याचा सामू (पीएच), क्षार, नायट्रेट मोजायची सवयही याच लोकांनी लावली. मुंबईच्या तलावांचे मऊ पाणी आणि मराठवाड्यातल्या बोअरचे जड पाणी यांत एकच मासा सारखा सुखी राहत नाही, हे मी एका विशीतल्या पोराकडून शिकले. त्याच्या चार फुटी टाकीत बोटभर लांबीचे बारा मासे आहेत. बाबांच्या दोन फुटीत अठरा होते, त्यांतले दोन गोल्डफिश.

आता बंदीवाल्या ताईंकडे. त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा हा की माशाला वेदना होतात. तो मी पूर्ण मान्य करते. २००३मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि ॲसेटिक आम्ल टोचून पाहिले. मासे डुलत राहिले, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले, खाण्याकडे कितीतरी वेळ फिरकले नाहीत. २०१९मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की क्लीनर रास हा छोटा समुद्री मासा आरशात स्वतःच्या गळ्यावरची खूण पाहून ती घासून काढू पाहतो. त्यामुळे "माशाला काय कळतंय" हे वाक्य आता कोणी उच्चारू नये. फायटर तर सहनशीलतेचीच शिक्षा भोगतो. त्याला पृष्ठभागावरची हवा थेट घेता येते, म्हणून तो बरणीत गुदमरून लगेच मरत नाही. भातखाचराच्या उथळ पाण्यात राहणारा मासा आहे, त्याला बरणी चालते, असे विक्रेते सांगतात. खाचर उथळ असते, पण ते खाचर असते. त्याला वीतभर व्यासाची भिंत नसते आणि तिथले पाणी एसीच्या खोलीत गार पडत नाही.

मग बंदी का नको? कारण ताई पोपटाचा दाखला देतात आणि तो इथे पुरता बसत नाही. घरोघरी टांगलेला पोपटाचा पिंजरा आपल्या डोळ्यांदेखत कमी झाला. त्यामागे १९७२चा वन्यजीव कायदा होता आणि लोकांच्या मनातली लाजही होती. पण तो पोपट रानातल्या ढोलीतून ओरबाडलेला असे. गोड्या पाण्यातले दुकानी मासे, म्हणजे गप्पी, मॉली, एंजल, गोल्डफिश, फायटर, हे जवळजवळ सगळे पिढ्यान्‌पिढ्या तळ्यांत आणि हौदांत पैदास केलेले असतात. चेन्नईचे कोळत्तूर किंवा हावडा-कोलकात्याचा परिसर यांच्यावर चालतो. समुद्री माशांची गोष्ट वेगळी, ते बहुतांशी प्रवाळांतून पकडलेलेच असतात, आणि तिथे मी ताईंच्या बाजूला जाऊन उभी राहीन. घरात समुद्र बनवण्याची हौस मला आजही पटत नाही. १८५०च्या दशकात इंग्लंडमध्ये फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाच्या लेखनामुळे समुद्री टाक्यांची लाट आली आणि लोकांनी किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी साफ खरवडून काढली. पुढे त्याच्याच मुलाने, एडमंडने, १९०७ साली छापलेल्या आठवणींत त्याबद्दल हळहळ नोंदवली. बापाचा हेतू तर निसर्गावरचे प्रेम वाढवण्याचा होता.

आपल्या सह्याद्रीतही हेच घडले. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या ओढ्यांत लाल-काळ्या पट्ट्यांचा एक देखणा मासा आहे. १८६५ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि पुढची सव्वाशे वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. १९९०च्या दशकात तो परदेशी बाजारात पोचला, "मिस केरळ" म्हणून गाजला आणि ओढ्यांतून उपसला जाऊ लागला. आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. केरळ सरकारने २००८मध्ये पकडण्यावर बंधने आणली, बंदीचा हंगामही ठरवला. पण पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की तो हंगाम माशाच्या विणीच्या काळाशी जुळतच नव्हता. २०१३मध्ये याच संशोधकांच्या वर्तुळाने त्याला नवे प्रजातिनाम दिले, सह्याद्रिया. हे नाव वाचले तेव्हा मला अभिमान वाटला आणि लगेच लाजही वाटली, कारण कॉलेजात असताना यातले चार मासे मी घेतले होते आणि ते कुठून आले हे विचारले नव्हते. पुढे त्याची कृत्रिम पैदास जमली. ओढ्यावरचा ताण हलका करण्याचा तो एक मार्ग ठरला.

म्हणजे पैदास चांगली आणि पकडणे वाईट? इतकेही सरळ नाही. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नदीकाठच्या बार्सेलोस गावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या कार्डिनल टेट्रा हा छोटा मासा पकडून विकतात, आणि मासा जंगलात राहिला तरच पोट भरते म्हणून जंगल राखतात. हौदातला स्वस्त मासा बाजारात आला की तिथला माणूस कुऱ्हाड हाती घेईल, ही भीती खोटी नाही. या प्रश्नाला एका ओळीचे उत्तर मागणाऱ्यांनी बार्सेलोस नकाशावर शोधावे.

बंदीच्या मागणीला जोडून एक दुसरी दयाळू सूचना हटकून येते: मासे तळ्यात सोडून द्या. त्या रात्रीही आली. हा या सगळ्या वादातला सर्वांत घातक सल्ला आहे. "टँक साफ करतो" म्हणून तीन इंचांचा सकर मासा विकतात. तो वाढतो दीड फुटापर्यंत. मग कोणाला तरी दया येते आणि तो तळ्यात जातो. आज हे चिलखती मासे कोलकात्याच्या पाणथळांपासून आपल्या उजनीपर्यंत पोचले आहेत. काठ पोखरतात, जाळी फाडतात आणि बाजारात कोणी विचारत नाही. २०२३मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतला ॲलिगेटर गार मासा सापडला. तो काही पोहत आला नव्हता. आणि याबाबतीत सरकारलाही फार बोलायला जागा नाही: दक्षिण अमेरिकेतला गप्पी डासांसाठी गावोगावच्या विहिरी-गटारांत आपल्या आरोग्य खात्यानेच सोडला, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हौदातून.

सुरमईच्या टोमण्याबद्दल थोडेच. मी मासे खाते. पण मारून खाणे आणि महिनाभर अमोनियात ठेवून बघणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि पहिली करणाऱ्याला दुसरीबद्दल बोलायचा हक्क नाही हे मला कधीच समजलेले नाही. कोळणीच्या टोपलीतला बांगडा शोभेसाठी कोणी आठवडे-आठवडे जगवत ठेवत नाही. तेवढे औदार्य फायटरच्या वाट्याला येत नाही.

त्याहून जास्त काळजी मला वास्तुवाल्यांची वाटते. ईशान्येला टाकी, आठ सोनेरी मासे आणि एक काळा. तो मेला की घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले. म्हणजे मासा मेला तरी शुभच. ज्या घरात मरण हेच कामाचे चिन्ह, तिथे पाणी कोण तपासणार? आमच्या एका नातेवाइकांकडे वर्षात पाच काळे मासे संकटे घेऊन गेले. संकटे कोणती ते विचारल्यावर मावशी जरा विचारात पडल्या.

कायद्याचा प्रयोग एकदा झाला आहे. मे २०१७मध्ये केंद्राने मत्स्यालये आणि शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी नियम काढले. त्यांत गोल भांड्यात मासे ठेवण्याला मनाई होती, दुकानांची नोंदणी होती, आणि १५८ जातींची भलीमोठी निषिद्ध यादीही होती. पैदासकारांनी ओरड केली आणि काही महिन्यांतच नियम मागे गेले. त्यावरून "बघा, कायद्याने काही होत नाही" असा निष्कर्ष काढतात. माझा निष्कर्ष उलटा आहे. शहाण्या तरतुदी एका अवजड गाठोड्यात बांधल्या आणि गाठोडे फेकले तेव्हा त्याही गेल्या. गोल भांड्याच्या मनाईला पैदासकारांचा काय विरोध असणार? ती एकटीच आणली असती तर कदाचित टिकली असती.

म्हणून मागणी छोटी असावी. टाकी आणि मासा एकाच दिवशी एकाच गिऱ्हाइकाला विकू नये. पाच-दहा लिटरच्या खालच्या भांड्यात मासा विकू नये, भेटवस्तू म्हणून घाऊक तर नाहीच. मोठा झालेला सकर दुकानाने परत घ्यावा. यावर दुकानदारांचा आक्षेप असतो की गिऱ्हाईक पंधरा दिवस थांबत नाही, ते शेजारच्या दुकानात किंवा फोनवर जाते, आणि लहान दुकानाचे भाडे त्यांना भागवायचे असते. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच नियम सगळ्यांना एकच हवा, कुरिअरने मासे पाठवणाऱ्यांनाही. पण या धंद्याचे खरे नुकसान पाहायचे तर कोणत्याही जुन्या बिल्डिंगीतले माळे उघडून बघा. कुकरच्या खोक्याशेजारी एक रिकामी टाकी असतेच, आत जुनी वर्तमानपत्रे. ते गिऱ्हाईक दुकानाला पुन्हा कधी मिळाले? ज्याचा पहिला मासा जगतो तो दुसऱ्या वर्षी मोठी टाकी घेतो, झाडे घेतो, खाद्य तर दरमहा घेतो. अंमलबजावणी कोण करणार, हा प्रश्नही रास्त आहे. रंग टोचलेल्या माशांविरुद्ध ब्रिटनमध्ये छंदिष्टांच्याच एका मासिकाने मोहीम चालवली आणि कितीतरी दुकानांनी ते ठेवणे आपणहून सोडले. आपल्याकडे निदान वाढदिवसाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांना आईबाप नाही म्हणू शकतात.

ग्रुप दुसऱ्या दिवशी उघडला. दुपारी पहिला मेसेज एका आईचा: आमच्याकडचा मासा वर येऊन नुसता पडून राहतो, कोणाला हवा आहे का? संध्याकाळपर्यंत तसे चार मेसेज झाले. सध्या आमच्या ओट्याच्या वरच्या फळीवर चार वेगळे डबे आहेत, प्रत्येकात माझ्या टाकीतल्या जुन्या स्पंजचा एकेक तुकडा, आणि डब्यांमध्ये पुठ्ठे उभे केले आहेत, नाहीतर हे एकमेकांना पाहून दिवसभर कल्ले फुगवत राहतात. काका काल येऊन बघून गेले. म्हणाले, पाणी जरा पिवळट दिसतंय, बदलत का नाहीस? मी त्यांना चहा दिला आणि विनोग्राद्स्कीपासून सुरुवात केली.